तलाश आणि तलाशी

बाई, तुमच्यासारखीच मीही आता इंग्रजी शिकवते. कुंभार पिंपळगावला, आठवी ते दहावी. तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं, पण मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही जाऊन बराच काळ झाला होता. मला ते कळलंसुद्धा फार उशिरा, एका लग्नात, जुन्या मैत्रिणीकडून. तिनं पंगतीत वाढता वाढता सांगितलं आणि पुढच्या पानाकडे गेली. मी पोळी तोडत होते, ती तशीच तोडत राहिले.

दिवाळीच्या आधी आमच्या शाळेत एक गोष्ट झाली. हेडसरांना मी ती लेखी दिली. ज्या पोरीच्या बाबतीत झाली तिच्या घरच्यांना तोंडी सांगितली. नवऱ्याला अर्धीमुर्धी सांगितली, कारण मध्येच त्यांनी "बरं झालं, निभावलं ना" असं म्हटलं आणि त्यापुढे बोलायला काही उरलं नाही. सबंध अशी ती मी कुणाजवळच बोललेली नाही. तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण त्या दुपारी माझे पाय हलले ते तुमच्या एका तासामुळे. तो तास तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे.

जालन्याची आपली शाळा, पत्र्याच्या छताचा तो वर्ग, उन्हाळ्याच्या तोंडावर तापलेला. तुम्ही फळ्यावर 'सर्च' लिहिलं आणि प्रत्येकीला वाक्य करायला सांगितलं. मी उभी राहिले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "माय मदर सर्च्ड मी इन द मार्केट." तुम्ही चष्मा वर केला. "तुझ्या आईनं बाजारात तुझे खिसे तपासले काय गं?" सगळा वर्ग हसला. तुम्ही हसू दिलंत, मग हात वर करून थांबवलंत. मी रडायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, "हिची चूक चांगली आहे, म्हणून हसून घेतलं. आता ऐका. सर्च द गर्ल म्हणजे पोरगी समोर उभी आहे आणि तुम्ही तिला तपासून राह्यले. तिचा खिसा, तिची पिशवी. सर्च फॉर द गर्ल म्हणजे पोरगी समोर न्हाईच, आणि तुम्ही तिच्यासाठी फिरून राह्यले. आमच्या घरच्या बोलीत एकाला म्हणतात तलाशी, दुसऱ्याला म्हणतात तलाश. एका वेलांटीचा फरक. पण ज्याच्यावर गुजरते त्याला विचारा." 

मराठीत झडती आणि शोध, असं तुम्ही खाली लिहिलंत. मग रंगात येऊन बाकीचंही सांगितलंत. लुक फॉर हा रोजचा शब्द, चष्मा हरवला, चप्पल सापडेना, अशा वेळचा. सर्च म्हटलं की त्यात कसून बघणं आलं, कोपरान्‌कोपरा आला. सीक म्हटलं तर न्याय, आसरा, मदत असलं काही, हातात न धरता येणारं. आणि फाइंड म्हणजे शोधणं नव्हे, सापडणं. शोधणं आपल्या हातात, सापडणं न्हाई. शेवटी 'सर्च मी!' सांगितलंत, म्हणजे मला काय ठाऊक, हवं तर माझी झडती घ्या. त्यानंतर आठवडाभर आम्ही गणिताच्या सरांना सोडून सगळ्यांना 'सर्च मी' म्हणत फिरलो.

आणि त्याच महिन्यात झडती खरोखर आली. वर्गातल्या एका मुलीचा कानातला सोन्याचा झुबा हरवला. ती कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या आईनं शाळेत येऊन असा आवाज लावला की खालच्या वर्गातल्या पोरीही खिडकीशी जमल्या. पर्यवेक्षक आले. वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "मागच्या बाकांवरच्या उठा. दप्तरं घेऊन पुढं या." मागच्या बाकांवर कोण बसायचं ते तुम्हाला माहीत होतं, बाई. आम्ही बौद्ध वस्तीतून येणाऱ्या पोरी. माझी आई तेव्हा दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची, आणि माझ्या दप्तरात तिनं सकाळी बांधून दिलेली भाकर होती, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. मला त्या क्षणी भीती वाटली ती झुब्याची नव्हे, मी तो घेतलाच नव्हता. भीती ही की तो चिंधीचा तुकडा सगळ्यांसमोर टेबलावर पडेल.

तुम्ही टेबलामागून पुढे आलात आणि तुमची स्वतःची पर्स पर्यवेक्षकांसमोर ठेवलीत. "झडती घ्यायची ना सर? मंग माझ्यापासून सुरू करा. वर्गात मीपण होते." ते म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला यात पडता?" तुम्ही म्हणालात, "झुबा हरवला आहे, पोरी हरवलेल्या न्हाईत. जे हरवलं ते शोधू ना. चला गं सगळ्या, मैदानावर." आणि पुढच्या-मागच्या सगळ्या पोरींना रांगेनं मैदानात नेलंत, लिंबाखाली, नळाजवळ, खो-खोच्या खांबांशी. तुम्हीही पदर खोचून मातीत वाकलेल्या होता. झुबा सापडला नाही. कधीच सापडला नाही. त्या मुलीची आई जाता जाता तुमच्याकडे बघून काय म्हणाली ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं, आणि तुम्हीही ऐकलंत. महिन्याभरात तुमच्याकडून आमचा वर्ग काढून घेतला.

वर्ग सोडायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला मस्तगडला तुमच्या घरी बोलावलं होतं, व्याकरणाचं एक जुनं पुस्तक द्यायला. जिन्याशेजारचं ते लहानसं स्वयंपाकघर, त्यात मी पाटावर बसलेली आहे, तुम्ही पातेल्यात चहा उकळताय आणि पाठमोऱ्याच बोलताय. "मी लहान असताना शेजारच्या दुकानात चोरी झाल्ती. आमच्या घराची तलाशी झाली. पिठाचा डबा उलटा केला पोलिसांनी, गाद्या उसवल्या. काही निघालं न्हाई. ते गेले, आणि आमची अम्मी संध्याकाळपर्यंत घरात काही तरी धुंडून राह्यली. आम्ही विचारलं, अम्मी, काय हरवलं? ती बोललीच न्हाई." तुम्ही चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. म्हणालात, "पी. गार होतो." पुस्तक माझ्याकडे अजून आहे.

आता त्या दुपारचं सांगते.

बाजाराचा दिवस होता. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीपर्यंत माणसं, टेम्पो, भाजीची पोती. पावसाळा संपून ऊन तापायला लागलं होतं. मधल्या सुट्टीनंतर दहावीवर माझा तास. हजेरी घेताना एक जागा रिकामी दिसली. दप्तर बाकावर, पोरगी नाही. ती शांत, जरा लाजरी. उत्तर येत असूनही हात वर न करणारी. शेजारच्या बाकावरच्या तिच्या मैत्रिणीला मी स्वच्छतागृहाकडे बघायला पाठवलं. ती आली आणि खाली बघत म्हणाली, "न्हाई मॅडम तिथं." मी थोडा वेळ शिकवलं. मन लागेना. मग हेडसरांकडे गेले.

हेडसर वाईट माणूस नाहीत, बाई. पण शाळेचं नाव त्यांच्या डोक्यावर टांगलेलं असतं. दहावीतली पोरगी शाळेतून दिसेनाशी झाली म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घरी फोन लावला. तिचे वडील ट्रकवर, कुठेतरी गुजरातकडे. आई कापूस वेचायला गेलेली, तिच्याजवळ फोन नाही. चुलता बाजारातच होता, तो पाच-सहा माणसं घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "कुणासोबत गेली?"

कुठं गेली, असं नाही विचारलं त्यानं. कुणासोबत. 

"अहो, कुणासोबत कशाला, अजून काही कळलं नाही," हेडसर म्हणाले.

"दप्तर आना तिचं."

दप्तर आलं. हेडसरांच्या टेबलावर ते उलटं केलं. वह्या, कंपासपेटी, डब्यात अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा, एक तुटलेली रबरी रिंग, आणि एक लिपस्टिक. ती घरंगळत टेबलाच्या कडेला गेली. चुलत्यानं ती उचलली, टोपण काढलं, सगळ्यांना दाखवली. "हे बगा. हे शाळेत कशाला लागतं, सांगा बरं सर?" एका शिक्षकानं तिच्या वह्या घेतल्या आणि मागची पानं चाळायला लागले. दुसऱ्यानं मैत्रिणीला वर्गातून बोलावून आणलं, तिचंही दप्तर आलं. ती पोर टेबलापुढे उभी, भोवती सगळे पुरुष.

"मोबाईल कुणाचा वापरत होती ती?"

"न्हाई वापरत."

"खोटं बोलू नको. कुणाचा फोन येत होता?"

"म्हाईत न्हाई."

तेवढ्यात बाहेरून एकजण आला आणि म्हणाला, जांब समर्थकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये एक शाळेच्या ड्रेसातली पोरगी बसताना त्यानं पाहिली. दोघं लगेच मोटरसायकलवर तिकडे गेले. चुलत्यानं कपाळावर हात मारला. "झालं. नाक कापलं आमचं. भाऊ आला म्हंजे काय सांगू त्याला मी?" हेडसर त्याला पाणी देत होते. वह्या चाळणं चालूच होतं. पानांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मीही तिथेच उभी होते, बाई. टेबलाला टेकून. त्या लिपस्टिककडे बघत. माझ्या मनातसुद्धा तेच चाललं होतं, ही अशी वाटत नव्हती, मग कोण असेल तो. आणि मध्येच माझी नजर त्या डब्यातल्या अर्ध्या भाकरीवर गेली. कापडात गुंडाळलेली होती. मला माझं दप्तर आठवलं, तुमची पर्स आठवली. पोरगी इथं नाहीच आहे, आणि आम्ही इतकी माणसं मिळून तिलाच तपासतोय. तिच्यासाठी म्हणून एकही माणूस अजून शाळेच्या मागच्या बाजूलासुद्धा गेलेलं नाही. 

मी मैत्रिणीचा हात धरला आणि तिला शेजारच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. "मॅडम, तिला कुठं नेता?" असं कुणीतरी म्हणालं. मी दार लावलं. मी तिला कुणाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "सकाळपासून तिला बरं होतं का गं?"

ती एकदम रडायला लागली. "मॅडम, तिची तारीख आल्ती. तिला म्हाईतच न्हवतं आज येईल म्हनून. ड्रेसला लागलं मागून. नळाला पानी न्हवतं. मी माझी ओढनी दिली तिला कंबरेला बांधायला. ती म्हनली, मी घरी जाऊन राह्यले, कुनाला सांगू नको. मागच्या गेटनं गेली."

"घरी पोचली असेल मग?"

"घरी तिचे आजोबा असत्यात ओट्यावर दिवसभर. त्यांच्या समोरून कशी जाईल अशी? ती म्हनली, आमच्या मोसंबीच्या बागंत शेततळं हाय, तिथं धुवून घेते, वाळलं की जाते."

शेततळं म्हटल्यावर मी तिला तिथला रस्ता विचारून घेतला. तुमच्या काळात ही शेततळी एवढी नव्हती, बाई. आता गावोगाव आहेत. विहिरीसारखी खोल, पण तळ्यासारखी रुंद, आणि आतून सगळीकडून काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, पाणी मुरू नये म्हणून. पायऱ्या नाहीत. त्या कागदावर शेवाळ धरतं. एकदा माणूस आत घसरलं की पोहता येत असलं तरी बाहेर येता येत नाही. जितकं चढायला जावं तितकं खाली. पावसाळ्यानंतर ती काठोकाठ भरलेली असतात. आणि त्या पोरीला पोहता येत नव्हतं.

मी बाहेर आले. "सर, ती जांबला गेलेली नाही. त्यांच्या मोसंबीकडं गेली, शेततळ्यावर."

चुलता वळला. "तुम्हाला कुनी सांगितलं?"

"ते नंतर. आधी चला."

"शेततळ्यावर कशाला जाईल ती ह्या टायमाला? मॅडम, ह्या पोरीनं बनवलं तुम्हाला. हिला खरं बोलू द्या आधी. हिला सगळं म्हाईत हाय." आणि तो पुन्हा तिच्याकडे सरकला. ती माझ्या पाठीमागे लपली.

मी त्या शाळेत कधी आवाज चढवला नव्हता. नोकरी लागून एवढी वर्षं झाली, पण आत कुठेतरी मी मागच्या बाकावरचीच आहे. कुणी मोठ्यानं बोललं की आधी गप्प होते. त्या दिवशी मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना, "तुम्ही झडती घेत बसा. मी तिला शोधायला चालले."

आमच्या शाळेत एक मावशी आहेत. घंटा देतात, पाणी भरतात, पोरींचं दुखलंखुपलं बघतात. मी स्कूटी बाहेर काढली तर त्या काही न विचारता मागे बसल्या. मैत्रिणीनं रस्ता सांगितला होता. बाजाराच्या गर्दीतून वाट काढताना मी हॉर्नवरचा अंगठा उचललाच नाही. गाव संपलं, डांबर संपलं. दोन्हीकडे फुटलेला कापूस, मधे बैलगाडीची चाकोरी. पुढे मोसंबीची झाडं दिसायला लागली. एका ओढ्याजवळ चिखलात चाक रुतलं. गाडी तशीच आडवी टाकून आम्ही पळत सुटलो. मावशी हाका मारत होत्या. उत्तर नव्हतं. मोटारीचा आवाज नाही, माणूस नाही, नुसतं ऊन.

शेततळ्याभोवती लोखंडी खांब आणि तारेचं कुंपण होतं, एका जागी तार वाकवून वाट केलेली. तिथे तिच्या चपला दिसल्या. नीट जोडून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. बाजूला झुडपावर ओढणी वाळत घातलेली, धुतलेली. ती ओढणी बघितली आणि मी तिथेच थांबले. बांधावर चढायची हिंमत होईना. मावशीच पुढे झाल्या. वरून ओरडल्या, "मॅडम! हाय! हाय ती!"

समोरच्या बाजूला मोटारीचा काळा पाइप उतारावरून पाण्यात गेलेला होता. त्या पाइपाला दोन्ही हातांनी कवटाळून ती होती. पाणी हनुवटीपर्यंत. ओठ काळेनिळे. ती ओरडत नव्हती. तेवढा दमच उरला नव्हता. आम्ही वळसा घालून तिच्या वरच्या बाजूला पोचलो तेव्हा ती फक्त म्हणाली, "मॅडम, हात सुटून राह्यले."

मी काही विचार न करता उतारावर पाय टाकला. पाय गेलाच. मावशींनी मागून माझा दंड असा पकडला की त्यांच्या नखांचे वळ दिवाळीपर्यंत होते. "येड्या झाल्या का मॅडम? तुम्ही गेल्या तं दोघी जाल!" दोर नव्हता, काठी नव्हती, हाकेच्या अंतरात कुणी नव्हतं. मी साडी सोडली. बाई, उघड्या रानात, भर दुपारी, मी अंगावरची साडी सोडली आणि त्या क्षणी मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. मावशींनी एक टोक लोखंडी खांबाला गाठ मारून बांधलं, ओढून बघितलं. दुसरं टोक मी खाली फेकलं. ते वाऱ्यानं बाजूला गेलं. ओढून घेतलं, पाण्यात भिजवून जड केलं, पुन्हा फेकलं. या वेळी तिच्या खांद्याजवळ पडलं.

पण ते धरायचं तर पाइपावरचा एक हात सोडायला हवा. आणि ती सोडेना. मान हलवत होती फक्त. तो वेळ किती गेला मला सांगता येणार नाही. मी उतारावर पालथी पडले होते, मावशींनी माझे पाय धरलेले. मी तिला वर्गात बोलते तसं बोलत राहिले, हळू, एकेक. डावा हात तसाच ठेव. डावा सोडायचा नाही. फक्त उजवा. उजव्या हातानं साडी घे. मनगटाला गुंडाळ. एकदा. आणखी एकदा. आता मूठ घट्ट. तिनं डोळे मिटले आणि उजवा हात सोडला. क्षणभर डोकं पाण्याखाली गेलं. मला वाटलं, संपलं. मग साडी एकदम ताणली गेली.

आम्ही ओढलं. अर्ध्यावर आली आणि घसरली, पुन्हा ओढलं. मावशी देवाचं नाव घेत नव्हत्या, शिव्या देत होत्या. कागदाला, तळ्याला, खणणाऱ्याला. शेवटी तिचा दंड माझ्या हाताला लागला. वर आली तेव्हा ती मला इतकी घट्ट बिलगली की आम्हा दोघींना मावशींनी मिळून काठापासून मागे ओढलं.

मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा आम्ही तिघी कुंपणाशी मातीत बसलो होतो. चुलता आणि हेडसर. टाकीवर तिचं दप्तर. साडी अजून खांबाला बांधलेली, खाली पाण्यात लोंबत होती, आणि मी परकर-पोलक्यावर, चिखलानं भरलेली. हेडसर जागच्या जागी पाठमोरे झाले. चुलत्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, मान दुसरीकडे वळवून माझ्यासमोर धरलं. मग त्याला त्या चपला दिसल्या. तो तिथेच बांधावर खाली बसला.

पोरीनं दप्तर पाहिलं. दात वाजत होते तिचे. म्हणाली, "माझं दप्तर कुनी उघडलं?"

मी उठून टाकीवरून ते काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

दवाखान्यात एक रात्र ठेवलं तिला. तळव्यांची साल निघाली होती, बाकी शरीर ठीक. गावात बोलणं थांबलं नाही. आधी पळून गेली म्हणत होते, आता जीव द्यायला गेली म्हणायला लागले. ती लिपस्टिक स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी वर्गातल्या पोरींनी मिळून घेतली होती, हेही कळलं. पण ते ऐकायला तोपर्यंत कुणी थांबलं नव्हतं. चुलत्यानं निरोप पाठवला की आता शाळा पुरे. मी त्यांच्या घरी जाणार होते. त्याआधीच तिची आई शाळेत आली. हातावर कापसाच्या बोंडांचे ओरखडे, पदर डोक्यावर. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, बसा म्हटलं तर बसली नाही. हेडसर समजावायला लागले, की झालं गेलं विसरा, शाळा तुमच्या पाठीशी आहे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं बराबर हाय सर. पोरींच्या नळाला पानी कधी येनार तेवढं सांगा. आलं की पोरगी पाठवते."

पाण्याची टाकी बसली. आम्ही शिक्षिकांनी हेडसरांना श्वास घेऊ दिला नाही, तेव्हा बसली. एका कपाटात पोरींना लागणाऱ्या वस्तू ठेवल्या, किल्ली मावशींकडे. दिवाळीनंतर ती आली. त्याच बाकावर बसली. परवा धड्यात 'सर्च' आला. मी फळ्यावर लिहिला आणि तुमचंच सगळं सांगितलं, तलाश, तलाशी, सगळं. एकजण म्हणाला, "मॅडम, सर्च म्हंजे मोबाईलवर मारतेत ते." पोरं हसली. ती खाली मान घालून लिहून घेत होती. मी फळा पुसला आणि पुढच्या शब्दाकडे गेले.

मस्तगडला तुमच्या घराच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. तुमची मुलं कुठे गेली ते शेजारच्यांनाही सांगता आलं नाही. म्हणून हा कागद कुठं जायचा नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. ती रोज तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी येते, वही पुढे करते, काहीतरी साधंसंच विचारते. मीही सांगते. त्या पाण्यात पाइप धरून असताना कुणीतरी आपल्याला शोधत असेल, असं तिला वाटलं होतं का, एवढंच मला विचारायचं असतं. रोज ठरवते. तिचं वाक्य तपासते, वही परत देते आणि विचारत नाही. ती नाही म्हणेल याची मला भीती वाटते, बाई.